टायनानांची गाठ

हडपसरात मच्छिंद्रनानांना तोंडावर 'नाना' म्हणतात आणि पाठीमागे 'टायनाना'. नानांना हे ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतंही. ज्या आळीत माणसांना ढब्या, बारक्या आणि पत्रेवाला अशी नावं पडतात, तिथे गळ्यात घालायच्या वस्तूवरून नाव पडणं ही एक पदवीच म्हणायची.

नाना जन्मले उसाच्या फडाशेजारी. त्या फडावर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. आपल्या वाट्याला राहिलेल्या तुकड्यावर नानांनी खोल्या बांधल्या आणि त्या काचेत काम करणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या. ही पोरं सकाळी कामाला निघाली की नानांचा जीव खालीवर होतो. हाफ चड्डी, पायात रबरी चपला, छातीवर कुठल्यातरी भुताचं चित्र. अशा अवतारात हे लोक अमेरिकेची कामं करतात यावर नानांचा अजून विश्वास बसलेला नाही. त्या इमारतीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला मात्र कडक इस्त्रीत, टाय लावून उभा असतो. कंपनी खरी तोच चालवत असणार, असं नानांचं स्पष्ट मत आहे.

नानांकडे टाय एकच. मरून रंगाचा, त्यावर मोहरीएवढे पिवळे ठिपके, आणि रुंदीला असा की त्यात आजच्या फॅशनचे दोन निघावेत. तो लोखंडी कपाटात आतल्या खुंटीवर, डांबरगोळ्यांच्या वासात, गाठ मारलेल्या अवस्थेत लटकलेला असे. भावकीतला कुठलाही पोरगा इंटरव्ह्यूला निघाला की आधी नानांच्या ओट्यावर यायचा. नाना त्याला समोर बसवून चहा पाजायचे आणि ज्ञान द्यायचे.

"लाल भडक टाय घालू नको. साहेबाला वाटतं, हा युनियन करनार. काळा घातला तर वकील न्हायतर वेटर. चमकनारा तर बिलकुल न्हाय, तो नवरदेवानं घालायचा. टायचं टोक पट्ट्याच्या बकलावर टेकलं पायजे. वर ऱ्हायलं तर पोरगं अर्धवट. खाली गेलं तर आगाव."

मग कपाट उघडायचं. नाना तो टाय दोन्ही हातांवर घेऊन यायचे, पोराच्या डोक्यातून घालायचे आणि गाठ सर्रकन वर ओढायचे. अट एकच. काम झाल्यावर टाय डोक्यातून निघेल एवढाच सैल करायचा आणि आणून द्यायचा. गाठीला हात लावायचा नाही.

त्या टायने पुष्कळांचं भलं केलं, असं नानांचा हिशेब सांगतो. पुतण्या साईनाथ पतपेढीत चिकटला, रणजित गाड्यांच्या शोरूममध्ये लागला. एकाला नोकरी नाही मिळाली, पण इंटरव्ह्यूहून येताना बसस्टॉपवर मुलगी मिळाली. ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांनी म्हणे टाय मनापासून घातला नव्हता, म्हणून त्यांची नावं नाना घेत नाहीत.

आता एवढ्या मोठ्या टायनानांचं एक गुपित होतं. टाय कसा बांधतात हे त्यांना येत नव्हतं. कधीच येत नव्हतं.

ती गाठ मारली गेली तेव्हा नाना नाना नव्हते, मिसरूड फुटलेला मच्छिंद्र होता. गावाशेजारच्या पंपाच्या कारखान्यात भरती निघाली. शेजाऱ्याचा टाय मागून आणला, पण बांधायचा कसा हे शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तो त्याच्या लग्नात फोटोवाल्याने बांधला होता. मच्छिंद्रने मग आपल्या अकलेने जी गाठ मारली ती बैलाची होती. ऑफिसच्या बाहेर पर्सोनेल खात्याचे, म्हणजे नोकरभरती बघणारे, श्यामसुंदर दामले उमेदवारांची नावं पुकारत होते. पेठेतला माणूस. त्यांनी चष्म्यावरून मच्छिंद्रकडे पाहिलं.

"ही वेसण कुणी घातली?"

दामल्यांनी इकडेतिकडे पाहिलं, स्वतःच्या गळ्यातला टाय सैल केला, डोक्यातून काढला आणि त्याच्या डोक्यात घातला. "आत जा. जाताना परत करा."

मच्छिंद्रला नोकरी लागली. तो धावत टाय परत करायला आला तेव्हा दामले त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "राहू द्या. आता त्याला तुमच्या मानेचा घाम लागलाय." पेठेत आशीर्वाद असेच देतात हे मच्छिंद्रला पुढे दामल्यांच्या हाताखाली नोकरी करताना कळलं. कारखाना पुढे बंद पडला, दामले त्याच्या आधीच रिटायर झाले, शेतं गेली. गाठ तेवढी टिकली. लोकांनी विचारलं, "नाना, काय झ्याक गाठ मारलीय हो, कुणी शिकवली?" तेव्हा पहिल्यांदा 'आपलीच' असं निघून गेलं, आणि निघालेला शब्द पुन्हा आत घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही. बायको सोजरबाई, तिलाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

सगळ्या भावकीने टाय घातला. घातला नाही तो एकट्या विक्रमने, म्हणजे नानांच्या पोटच्या पोराने.

विक्रमचं आणि नानांचं वाजलं ते साईनाथच्या लग्नात. जेवणाच्या पंगतीत नाना नेहमीप्रमाणे टायचा महिमा सांगत होते आणि शेवटी म्हणाले, "आमच्या विकीनं घातला असता तर असा हिंडला नसता." विक्रमचं तेव्हा कुठेच जमत नव्हतं. त्याने पानावरून उठता उठता सगळ्यांदेखत ऐकवलं, "नाना, तुमचा टाय एवढा पावरफुल हाय, तर तुमची कंपनी का बंद पडली?" लोक हसले. नाना पण हसले, कारण चारचौघांत दुसरं काय करणार. पण घरी आल्यापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे अगदी मुकं नाही; ते सोजरबाईमार्फत चालू होतं. दोघं एकाच सोफ्यावर बसलेले असत आणि नाना म्हणत, "विकीला सांग, पंखा कमी कर." सोजरबाई कणीक मळता मळता ओरडे, "विकी, पंखा कमी कर." आणि विक्रम पंखा कमी करून म्हणे, "आई, केला म्हणावं." या पद्धतीने घर कितीतरी दिवस व्यवस्थित चाललं होतं. सोजरबाईचा घसा तेवढा बसला होता.

अशात विक्रमला एका प्रायव्हेट बँकेतून बोलावणं आलं. खातेदाराला गोड बोलून पॉलिसी विकायची, असलं काहीतरी काम. मेलमध्ये लिहिलं होतं, फॉर्मल कपडे, टाय कंपल्सरी. आणि जेवताना विक्रम ताटाकडे बघत म्हणाला, "आई, नानांना म्हणावं, टाय पायजे."

नानांचा घास हातात राहिला. पोराला दुकानातून नवा टाय घेता आला असता. मोबाइलवर बघून बांधता आला असता. मोबाइलवर बघून ही पोरं काय काय शिकतात. तरी त्याने हा मागितला. त्याला टाय नको होता, बोलणं सुरू करायचं होतं, एवढं कळायला काही कॉलेजात जावं लागत नाही. नानांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते ठेच्यावर ढकललं.

"सांग त्याला," ते म्हणाले, "देतो म्हणावं."

सोजरबाईलाही कळलं होतं. पोरगा पहिल्यांदाच बापाची वस्तू घालणार म्हणून तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच तो टाय कपाटातून काढला. त्यावर रणजितच्या वेळचा रश्श्याचा डाग होता. तिने तो हलक्या हाताने धुतला, वाळवला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे दिला. इंटरव्ह्यू उद्यावर आला असताना दुपारी ती वर्तमानपत्राची पुडी घेऊन नानांसमोर उभी राहिली.

"बघा कसा चकाचक केलाय."

नानांनी पुडी उघडली. आत टाय होता. सपाट, लांब, सुतासारखा सरळ.

"गाठ कुठाय?"

"सोडली त्यानं. गाठीवर इस्त्री कशी मारायची? लई घट्ट बसलीती, दात लावून सोडली म्हनला बिचारा."

नाना खाटेवर बसले.

"आवं, तोंड का असं केलंय? बांधा की परत. तुमालाच तर येतंय."

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला वाटतं, हे इथल्या इथे संपलं. ते संपत नाही. ते डांबरगोळ्या लावून कपाटात ठेवलेलं असतं आणि एक दिवस कुणीतरी प्रेमाने त्याला इस्त्री करून आणतं. नानांना बायकोवर ओरडताही येईना. ओरडायचं तर कशाबद्दल, हे सांगावं लागलं असतं.

ते टाय आणि मोबाइल घेऊन बाथरूममध्ये शिरले आणि कडी लावली. मोबाइल साबणाच्या कोनाड्यात उभा केला. त्यात एक कोट घातलेला माणूस हसत हसत हिंदीतून टाय बांधत होता. त्याचा उजवा हात नानांच्या डाव्या हाताला येई, आणि नाना उलटं करायला गेले की आरशातला तिसराच नाना मध्ये येई. निम्मी गाठ झाली की गजकर्णाच्या मलमाची जाहिरात लागायची. जाहिरात संपेपर्यंत कुठलं टोक कुठे चाललं होतं ते विसरायचं. शेवटी गाठ पडली, आणि ती नानांना ओळखीची वाटली. दावणीला बैल बांधायची तीच. हात बिचारे आपल्या सवयीने तिकडेच वळले होते. टायचं एक टोक बेंबीवर, दुसरं गुडघ्याच्या वाटेवर.

"आवं," बाहेरून सोजरबाई म्हणाली, "पोट बिघडलंय का?"

"न्हाय," नाना म्हणाले. "पेठेत एकाला भेटून येतो."

टाय पिशवीत घालून नाना बसने स्वारगेटला उतरले आणि तिथून चालत निघाले. वाटेत लक्ष्मी रोडवर एका दुकानासमोर त्यांची चाल मंदावली. काचेत टाय टांगलेले होते. आतल्या पोऱ्याने त्यांची नजर पाहून बोलावलंच आणि एक टाय दाखवला. तयार गाठ, मागे जिप. "काका, नुसती ओढा. झालं काम."

"जिप पँटला असती," नाना म्हणाले आणि बाहेर पडले. म्हणाले खरे, पण मोह झाला होता. फक्त विक्रमने टाय मागितला नव्हता, हा टाय मागितला होता. शाळेतल्या पोरासारखा जिपवाला टाय त्याच्या हातात ठेवायचा कसा?

दामलेसाहेबांचं घर नानांना ठाऊक होतं. आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ते एकदा येऊन गेले होते. जुनी चाळ पाडून झालेली इमारत, लिफ्ट वगैरे. दार दामल्यांनीच उघडलं. ऐंशी उलटलेली, अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात वाटाण्याची शेंग. त्यांनी नानांकडे चष्म्यावरून पाहिलं. चष्मा बदलला होता, बघणं तेच.

"मच्छिंद्र. वेसणवाले."

"होय साहेब." नानांची मान आपोआप सरळ झाली आणि तोंडात पुस्तकातली मराठी आली. "आपली प्रकृती बरी आहे ना?"

"आहे तेवढी आहे. बसा. वाटाणे खाऊ नका, मोजून आणलेत."

नानांनी सगळी हकीकत सांगितली. विक्रमशी धरलेला अबोलाही सांगितला, कारण त्याशिवाय एका टायसाठी माणूस हडपसरहून का येतो हे पटलं नसतं. मग पिशवीतून टाय काढून टीपॉयवर ठेवला. दामल्यांनी तो उचलून उजेडात धरला.

"हा माझा टाय."

"होय साहेब."

"बरा ठेवलात. इथे असता तर एव्हाना त्याने फरशी पुसली असती."

"तेवढी गाठ मारून द्या साहेब. बाकी काही नको."

दामल्यांनी वाटाण्याचं ताट बाजूला सारलं, हात पुसले, टाय मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत बसले. "मुलगा कुठे चाललाय म्हणालात?"

"बँकेत."

"बँकेत मरून? निळा हवा."

नानांना गप्प बसवेना. "निळा तर समोरचाच घालून बसलेला असतो साहेब. दोघं सारखे दिसले की त्याला वाटतं, हा आपली खुर्ची घ्यायला आलाय."

"हा मुद्दा आहे," दामले म्हणाले आणि टाय टीपॉयवर ठेवला. "मुलाची मान कशी आहे? आखूड की लांब?"

"मध्यम आहे."

"मध्यम. शर्टाची कॉलर?"

"कडक."

"रुंद की निमुळती? कारण त्यावर गाठ ठरते. उगीच कुठलीही गाठ मारून चालत नाही." टाय पुन्हा त्यांच्या मांडीवर आला, पुन्हा टीपॉयवर गेला. मग त्यांनी स्वतः उठून चहा टाकला. चहा पिताना टायच्या कापडावर बोलणं झालं, रेशीम आणि पॉलिएस्टर यांच्या स्वभावावर झालं, हल्ली इंटरव्ह्यू घेणारेच टी-शर्टात येतात म्हणून देशाचं कसं वाटोळं झालं यावर झालं. दोघांचं सगळ्यावर एकमत होतं. पण गाठ काही पडेना.

आणि हळूहळू नानांच्या डोक्यात उजेड पडायला लागला. हे बोलणं त्यांच्या ओळखीचं होतं. मागे एका पोराने स्वतःचा नवा टाय आणून 'नाना, बांधून द्या' म्हटलं होतं, तेव्हा त्यांनीही मान, कॉलर आणि बकल यांवर तासभर काढून शेवटी त्याला आपलाच टाय घालून पाठवलं होतं.

एवढ्यात लॅचचा आवाज झाला आणि भाजीची पिशवी घेऊन कुसुमताई आत आल्या. दामल्यांच्या पत्नी. त्यांनी पाहुणा पाहिला, टीपॉयवरचा टाय पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"अहो, त्यांना कशाला ताटकळत ठेवलंत? तुम्हाला कुठे येतो टाय बांधायला?"

दामल्यांनी वाटाण्याचं ताट पुढे ओढलं आणि एक शेंग सोलायला घेतली.

"म्हणजे साहेब, त्या दिवशीची गाठ..."

"हिची," दामले शेंगेला म्हणाले.

कुसुमताई इंग्रजी शाळेत बालवर्गाला शिकवायच्या. त्या काळी टायला इलॅस्टिक नव्हतं; सकाळी वर्गातली सगळी पिल्लं गळ्यात सुटलेले टाय घेऊन त्यांच्यापुढे रांगेत उभी राहायची. त्याच ओघात घरी नवऱ्याचाही टाय व्हायचा. "भरतीच्या दिवशी हे मोकळ्या गळ्याने घरी आले," त्या म्हणाल्या. "विचारलं तर म्हणाले, एका मुलाच्या गळ्यात घातला. तो मुलगा तुम्ही होय?"

तो मुलगा, वयाची साठी ओलांडलेला, मान खाली घालून उठून उभा राहिला. "ताई, मग आपणच मारून द्या."

कुसुमताईंनी हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजून गाठी आल्या होत्या. "ही आता वळत नाहीत. मी तोंडाने सांगते, तुम्ही बांधा. पण मला फक्त समोरच्याच्या गळ्यात येतो हं, स्वतःच्या नाही. अहो, उठा. इकडे उभे राहा."

"मी बनियनवर आहे."

"टायला काही कळत नाही."

अशा रीतीने, ज्या साहेबांच्या केबिनपुढून मच्छिंद्र आयुष्यभर पावलं दाबून गेला, ते साहेब पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्याने त्यांच्या गळ्यात टाय टाकला. कुसुमताई बालवर्गाच्या सुरात सुरू झाल्या. "मोठा भाऊ आणि लहान भाऊ. मोठ्याला लांब सोडा. मोठा भाऊ लहान्याच्या अंगावरून पलीकडे गेला. मागून फिरून आला. पुन्हा पुढून गेला. आता गळ्याखालून वर चढला, डोकं काढलं, आणि पुढच्या घडीत शिरून कात्रजच्या बोगद्यातून खाली उतरला. ओढा आता. सावकाश."

"आवळू नका," दामले म्हणाले. "माझं पेन्शन अजून चालू आहे."

पहिल्या वेळी मोठा भाऊ बोगद्यात अडकला. मग दामल्यांच्या गळ्याला फास बसला आणि कुसुमताईंनी नानांना बालवर्गातल्यासारखं 'लक्ष कुठे आहे' असं विचारलं. पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. वाटाणे तसेच राहिले. शेवटी नानांच्या बोटांना वाट सापडली आणि गाठ अशी पडली की तिघंही थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले.

नानांना राहवलं नाही. "साहेब, लहान तोंडी मोठा घास. पण एवढी वर्षं आपण शिकला कसे नाहीत?"

"गरज पडली नाही."

"गरज नाही कशी," कुसुमताई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या. "हे शिकले असते तर मी आतूनच 'या' म्हटलं असतं. सकाळी दारात उभं राहून माझी बोलणी खायची सवय होती ह्यांना. त्याशिवाय दिवस जायचा नाही."

"वाटाणे राहिलेत," दामले म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्यांनी टाय सैल केला, डोक्यातून काढला आणि गाठीसकट नानांच्या हातात ठेवला. "न्या. पुन्हा माझ्याच गळ्यातला. आणि या वेळीही परत आणू नका."

नाना बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन बसले. पिशवीत अगदी तशीच गाठ होती. कुणाला काही कळणार नव्हतं. सोजरबाईला नाही, विक्रमला नाही, भावकीला नाही. टाय खुंटीवर जाईल आणि टायनाना टायनाना राहतील. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण बस हडपसरला पोचली तरी वाटत नव्हतं. राहून राहून तो माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे येत होता, बायकोने टाय बांधावा म्हणून आयुष्यभर अडाणी राहिलेला.

सकाळी विक्रम आवरून बाहेर आला. पांढरा शर्ट, काळी पँट, हनुवटीवर दाढी करताना कापल्याचा ठिपका. नाना टाय घेऊन बसलेच होते.

"आई," विक्रम म्हणाला, "नानांना म्हणावं, उशीर होतोय."

हात पुढे आला. आता टाय त्या हातात ठेवला की पोरगा स्वतःच डोक्यातून घालणार, 'आई, येतो म्हणावं' म्हणणार आणि गाडीला किक मारणार. दामल्यांच्या गळ्यातून आलेली गाठ बापलेकांच्या मधून सरळ निघून जाणार. नानांना ते सहन होईना. त्यांनी गाठीत बोट घातलं आणि ती सोडली. सपाट टाय हातात लोंबायला लागला.

"आवं, काय केलं हे?" सोजरबाई दारातून म्हणाली.

"विकी," नाना म्हणाले, "हिकडं ये."

बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा हा निरोप मधल्या पोस्टातून गेला नव्हता. विक्रमला क्षणभर कळेना, मग तो येऊन समोर उभा राहिला. बापापेक्षा चांगला वीतभर उंच. नानांनी कॉलर वर केली.

"मला टाय बांधता येत न्हवता," ते टायकडे बघत म्हणाले. "कदीच येत न्हवता. एकानं बांधलेला दिला, तोच जन्मभर फिरवला. काल पेठेत जाऊन शिकून आलो."

सोजरबाई पुढे आली. "आन् मला म्हनले, मी बांधला."

"तुला नंतर सांगतो." नानांचे ओठ हलत होते. "मोठा भाऊ. लहान्याच्या अंगावरून. मागनं फिरला."

"नाना, काय म्हणताय?" विक्रमच्या घशातून हसू फुटलं.

"गप उभा ऱ्हा. बोगदा आलाय."

टाय बांधून झाला. टोक बेंबीवर. "अर्धवट," नाना स्वतःच म्हणाले आणि सोडला. विक्रमने घड्याळ बघितलं नाही. त्याने मान थोडी खाली केली, बापाचा हात पोचावा म्हणून. दुसऱ्या वेळी टोक बरोबर बकलावर टेकलं. नानांनी कॉलर खाली केली, नको तिथेही दोनदा दाबली, आणि हात काढून घेतले.

"जा. आनि साहेबाला सारखं सर सर म्हनू नको. येकदा म्हनलं तरी कळतं त्याला."

"येतो नाना," विक्रम म्हणाला.

दिवसभर नानांचं कशात लक्ष लागलं नाही. भाडेकरू पोरांपैकी एक जण हाफ चड्डीत पाण्याची तक्रार घेऊन आला, तर नानांनी त्याची मान आखूड आहे की लांब एवढंच पाहून घेतलं. संध्याकाळी गाडीचा आवाज आला. विक्रम आत आला तो मोकळ्या गळ्याने. टाय खिशातून काढून त्याने नानांच्या समोर ठेवला. गाठ नव्हती. घडी घातलेला, सरळ.

नानांनी तो उचलला. "सुटली व्हय रे? तिथंच सुटली?"

"न्हाय. एकदम टाइट होती. मी सोडली, आत्ता, बाहेर पार्किंगला."

"का? डोक्यातनं निघत न्हवता?"

"निघत होता." विक्रम बूट काढत होता, त्यामुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं. "शुक्रवारी सेकंड राउंड हाय. सकाळी परत बांधा तुमी."

नानांनी मान हलवली. ते उठले, कपाट उघडलं आणि टाय खुंटीवर अडकवला. सरळ, लांब, गाठीशिवाय.

स्वयंपाकघरातून सोजरबाईने विचारलं, "शुक्रवारच्या आधी इस्त्रीला टाकू का?"

"टाक," नाना म्हणाले.